डोळे झाकून परका

"अमावास्येच्या आत सगळ्या हबशांनी मोरबंदर सोडावं!"

शार्दूलराजांनी असा हुकूम काढला आणि त्या दिवशी हबशीवाडीत कुणाची चूल पेटली नाही. कारण काय, तर यंदा मासळी कमी आली! दिवाण विसोपंतांनी महाराजांच्या कानाला लागून सांगितलं होतं, "परक्यांमुळे समुद्र रुसलाय!" महाराज एकदा हट्टाला पेटले की पेटलेच.

हबशीवाडीतली माणसं पाच पिढ्या काथ्याचे दोर वळत आली होती. बंदरातलं एकही गलबत त्यांच्या दोराशिवाय उभं राहत नव्हतं. पण कातडी काळी, केस कुरळे, म्हणजे परकेच!

गंमत अशी, की 'रंग किंवा कूळ पाहून कुणालाही हाकलणार नाही' असा शेजारच्या सात राज्यांशी करार होता आणि त्यावर सगळ्यात मोठा शिक्का शार्दूलराजांचाच होता. करार चांदीच्या चौकटीत घालून दरबारात टांगला होता. चौकट रोज पुसली जाई. करार मात्र कुणी वाचत नसे.

हबशीवाडीची तक्रार कानावर गेली तसे सात राज्यांचे सात दूत मोरबंदरात उतरले. तीन दिवस त्यांनी मेजवान्या झोडल्या. चौथ्या दिवशी त्यांनी चिंता व्यक्त करायचं ठरवलं. ती 'तीव्र' असावी की 'गंभीर', यावर पाचवा दिवस गेला.

सहाव्या दिवशी झुलेखा दरबारात येऊन उभी राहिली. ती हबशीवाडीतल्या दोरवाल्याची मुलगी. "जायचं तरी कुठे गं?" असं आई रात्रभर विचारत होती, तेच डोक्यात घुमत होतं. पण आवाज खणखणीत निघाला.

"महाराज, करारातलं चौथं कलम! सुनावणीशिवाय कुणाला हाकलता येत नाही."

दूत उठून चौकटीपाशी गेले.

"अरेच्चा, आहे की!" थोरले दूत हरखून म्हणाले. ते त्यांनीच लिहिलं होतं.

महाराज चिडले. "सुनावणी हवी? घे! उद्या दुपारपर्यंत माझ्याच तोंडून तुमच्यातल्या एकाला 'हा आपला' म्हणवून दाखव. जमलं तर हुकूम रद्द. नाही जमलं, तर उद्याच चालते व्हा!"

दरबार खो खो हसला. काळ्या माणसाला महाराज आपला म्हणणार?

"पण महाराज परका ओळखणार कसा?" झुलेखानं विचारलं.

"कसा म्हणजे? परका मी डोळे झाकून ओळखतो!"

"मग झाकूनच ओळखावा, महाराज. सात राज्यांचे दूत ऐकताहेत."

महाराजांनी दूतांकडे पाहिलं. शब्द तर गेला होता. "बरं! झाकून तर झाकून!"

त्या संध्याकाळी झुलेखा गावातली घरं फिरली. कुठे विहिरीचा दोर दिला होता, कुठे पाळण्याचा. सगळ्यांच्या मागल्या दारी तिची ओळख होती.

दुसऱ्या दिवशी दरबारात जाड पडदा लागला. मागे झुलेखानं आणलेल्या पाच बायका बसल्या. थोरल्या दूतांनी महाराजांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. प्रत्येकीनं आज काय रांधलं, एवढंच सांगायचं होतं.

पहिल्या तिघींना महाराजांनी "हं, असेल आपलीच" म्हणून सोडून दिलं. चौथी बोलली, "आज ओहोटीक तिसरे शिंपले बरे गावले, म्हणान एकशिपी केलंय. जेवूक येशात मां?"

महाराज खुर्चीत सरसावून बसले. "वा! अगदी माझ्या दाईची बोली! ही आपली! हिच्या हाडामासात मोरबंदर आहे!"

मग पाचवी बोलली, "काय सांगू बाप्पा, आज म्या बेसनाचे गोये टाकून गोयाभात केला. माह्या लेकाले लय आवडते!"

"सापडली!" महाराज ओरडले. "ही परकी! आजच्या आज हद्दीबाहेर काढा! आणि जाताना त्या लाडक्या लेकालाही घेऊन जा म्हणावं!"

दिवाण विसोपंत घामानं निथळत होते.

पडदा सरला, पट्टी सुटली. चौथ्या जागी झुलेखाची आजी हुसनाबी बसली होती, काळीभोर, बोळकं पसरून हसत. पाचव्या जागी भागीरथीबाई होत्या. वऱ्हाडातून लग्न होऊन आलेल्या, आजवर कधी वाड्याबाहेर न पडलेल्या, दिवाणांच्या मातोश्री!

"ही लबाडी आहे!" विसोपंत किंचाळले. "महाराजांनी डोळे उघडे ठेवले असते तर..."

"तर रंग दिसला असता, पंत," झुलेखा म्हणाली. "पैज परका ओळखायची होती."

महाराज दाढी खाजवू लागले. "मी म्हातारीला हद्दीबाहेर काढा म्हणालो. आता माझा शब्द?"

"शब्द मोडायचं कारणच नाही, महाराज! भागीरथीआजींना आणि पंतांना आमच्या वाडीत खोली देते. हबशीवाडी हद्दीबाहेर धरली, की महाराजांचा शब्द खरा झाला. मग आम्ही आधीपासूनच हद्दीबाहेर, तर कुठून कुठे निघायचं, तेवढं सांगावं!"

भागीरथीबाई म्हणाल्या, "काऊन रे विश्या, खोली हवेशीर असन का?"

महाराजांना हसू फुटलं, ते आवरेचना! हसत हसत त्यांनी दिवाणांच्या हातातला हुकूम घेतला आणि टराटरा फाडला.

दूतांनी तिथल्या तिथे अहवाल लिहिला : 'मंडळाच्या अथक प्रयत्नांनी प्रश्न सुटला. शार्दूलराजांना "मानवमित्र" ही पदवी देण्यात यावी.' या वेळी एकाही शब्दावर वाद झाला नाही.

राज्याच्या सगळ्या गलबतांचे दोर यापुढे हबशीवाडीतच वळले जातील, असं महाराजांनी जाहीर केलं आणि झुलेखाला बंदराची दारोगा नेमलं. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचं काम तिचं. पहिली चौकशी तिनं त्याच दुपारी केली. निघालेल्या सात दूतांना थांबवून ती म्हणाली, "साहेब, आपण कुठले?"