दुसरा कान

"...मग नापास नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं मास्तर?"

सुकुमारनं तणतणत कागद टेबलावर टाकला. जुन्या संगणकांवर नवी सिस्टिम घालून शाळांना देणाऱ्या कार्यशाळेत तो कामाला होता. संगणकातल्या घड्याळाच्या, म्हणजे टायमरच्या, चाचण्या त्यानंच लिहिलेल्या, आणि त्याचा त्याला भारी तोरा. आज अठरा संगणक नापास झाले होते. उद्या ते भंगारात जाणार, आणि डोंगरावरच्या शाळेतली पोरं परत वर्षभर वाट बघत बसणार.

ते काही त्याच्या मनाला पटेना. म्हणून तर तो तेरदाळे मास्तरांकडे आला होता. घड्याळ दुरुस्तीचं काम तो त्यांच्याच दुकानात शिकला होता.

"वेळ चुकवतात का रे?"

"छे! एका सेकंदाचा फरक नाही."

"मग?"

"झोपवलेला संगणक ठरल्या वेळी आपणहून उठला पाहिजे. यांच्यात ती सोयच नाही. चाचणी तिथंच नापास म्हणते आणि थांबते, पुढचं विचारतच नाही."

"सोय आहे का, हे ती आधी विचारते?"

"चाचणीनं कशाला विचारायचं? एकाला सूट दिली की नियम कसला राहिला!"

मास्तर हसले. खिशातलं घड्याळ काढून त्यांनी किल्ली दिली. दुकानात नव्यानं आलेल्याची परीक्षा ते अशीच घ्यायचे... घड्याळ कानाशी धरायचं, ठोका सांगायचा.

त्यांनी ते सुकुमारच्या डाव्या कानाशी धरलं.

"काय ऐकू येतंय?"

"मास्तर, तुम्हाला ठाऊक आहे... तो कान जन्मापासून..."

मास्तरांचा हात हलला नाही.

सुकुमारला ते आठवलं. वीस वर्षांचा असताना याच टेबलाशी तो असाच घाम फुटून उभा होता. या कानापायी दोन दुकानांनी आधीच हाकलून दिलेलं. तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, "कुठल्या कानानं ऐकतोस बाळा?"

मास्तरांनी घड्याळ हळूच उजव्या कानाशी नेलं.

टिक... टिक...

सुकुमारचे डोळे भरून आले. त्यानं कागद पुढं ओढला, अठरा वेळा लिहिलेलं 'नापास' खोडलं.

"इथं काय लिहू, मास्तर?"

"सोय नाही, एवढंच लिही... आणि पुढचं विचार. तुझ्या डाव्या कानाशी मी थांबलो होतो का?"