परडीखालचा वटवट्या

“पण महाराज, पट्टी पाहून याच्या जातीचं नाव तर मी बरोबर सांगितलं ना?”

वृद्ध स्वामी त्याच्या हातांकडे पाहत होते. वामनाच्या ओंजळीत लिंबाएवढा, हिरवट अंगाचा पक्षी पडला होता. मान एका बाजूला कलली होती.

वामन पाठशाळेत पहिला आलेला. कृष्णाकाठच्या या मठात तो अनुग्रहासाठी येऊन राहिला होता. मठाच्या औदुंबरावर दर आश्विनात उत्तरेकडून एक वटवट्या येई आणि चैत्रात परत जाई. वटवट्यांच्या जाती पुष्कळ आणि रूपे सारखी. गावातले कान्हेरे मास्तर म्हणाले होते, पंखावरची पट्टी जवळून पाहिल्याखेरीज याची जात सांगता येणार नाही.

सांगता येणार नाही, हे वामनाला कधी सोसले नव्हते.

“धरलास कसा?” स्वामींनी विचारले.

“फुलांची परडी काडीवर तिरकी उभी केली. खाली पाण्याची वाटी ठेवली. तो पाण्याला उतरला आणि परडी पडली.”

“मग लगेच पाहायचा होतास.”

“मी स्नान करून सोवळ्यात होतो, महाराज. त्याला शिवता येईना. म्हटलं, पूजा आटोपून पाहू.”

“आज तर एकादष्णी होती.”

“हो... रुद्राची अकरा आवर्तनं.”

“परडीवर ऊन आलं असेल.”

“पाहिलं नाही. माझं तोंड देवाकडे होतं.”

“एकही स्वर चुकला नसेल तुझा.”

“नाही, महाराज,” वामन सवयीने म्हणून गेला. मग त्याची मान खाली गेली.



स्वामी पायरी उतरले. त्यांचे गुडघे वाकत नसत. तरी ते औदुंबराच्या बुंध्याशी बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. वामन पुढे झाला. त्यांनी त्याला हातानेच थांबवले, पक्षी मात्र मागून घेतला.

“डोकं कुणीकडे करू, शास्त्रीबुवा?”

“उत्तरेला, महाराज. मृताची तशी रीत आहे.”

“उत्तरेलाच. चैत्रात तो निघालाही तिकडेच असता.”

त्यांनी माती लोटली.

तेवढ्यात वर, दाट पानांत, बारीक हाक उमटली. चि-स्वी... थोड्या वेळाने पुन्हा, चि-स्वी...

वामनाने वर पाहिले. पान हलले, पक्षी दिसला नाही. सकाळपासून प्रथमच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

“महाराज, दुसरा आला. न पाहताही सांगतो, तीच हाक. हिरवट पर्ण वटवट्याच. आपला औदुंबर काही रिकामा राहिला नाही.”

स्वामींचा हात मातीवरच होता.

“जात बरोबर ओळखलीस, वामना,” ते म्हणाले. “आता हा जो इथे ठेवला... तो कोण होता, तेवढं सांग.”