दोरीत आखलेली हिरवळ

कालव्याच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावाच्या टोकाला एक त्र्यंबकराव राहत होते. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं साखळी ओढली. लोकांच्या शेतांच्या हद्दी आखता आखता डोक्यावरचे केस पांढरे झाले. कुठं काही वाकडं दिसलं की त्यांना चैन पडायची नाही. भिंतीवरची तसबीर तिरकी झाली तर जेवत्या पानावरून उठून ते ती सरळ करायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण सरळ रेघेचा लोभ फार.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लहानसं घर बांधलं आणि पुढे अंगण सोडलं. त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, माहेरच्या बांधावरून हरळीच्या मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि त्या अंगणात लावल्या. हरळी म्हणजेच आपली दूर्वा. कोवळ्या शेंड्याला तीन पानं फुटली की ती गणपतीला चालते. संकष्टीला घरच्या एकवीस दूर्वा खुडाव्यात आणि संध्याकाळी दुखरे पाय गार गवतावर पसरून घटकाभर बसावं, एवढंच त्या बाईच्या मनात होतं. जन्मभर बदलीच्या गावी परक्या खोल्यांत राहिलेली बाई ती, दुसरं काही तिनं कधी मागितलं नव्हतं.

हरळीच ती, वर्षभरात अंगण हिरवंगार झालं. आणि तिथंच माशी शिंकली. त्र्यंबकराव एकदा धरणावरच्या सरकारी बंगल्यात गेले आणि त्यांनी तिथली हिरवळ पाहिली. कशी गालिच्यासारखी सपाट, आणि कड कशी, वडी कापावी तशी! त्या दिवसापासून घरच्या गवताचे दिवस फिरले.

दर रविवारी त्र्यंबकराव चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकायचे, दोरी ताणायचे आणि गुडघ्यावर बसून खुरप्याने कड कापायचे. मग मोठी कातर घेऊन सगळं गवत दोन बोटांवर आणायचे. दोरीबाहेर एक मुळी डोकावली की उपटून फेकलीच. डावी कड सरळ झाली की उजवी वाकडी दिसायची, आणि उजवी सरळ केली की पुन्हा डावी. दर खेपेला हिरवळ दोन बोटं आत सरकायची. गावातला गेनू माळी एकदा कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, "रावसाहेब, दोरीनं जमीन मोजत्यात, गवत न्हाई." पण पालथ्या घड्यावर पाणी.

रस्त्याने जाणारे मात्र थांबायचे. "वा! काय रेघ आहे!" म्हणायचे. ते ऐकलं की त्र्यंबकरावांची छाती फुगायची. हिरवळीवर पाय ठेवायची कुणाला सोय उरली नाही. पाय उमटतात ना! द्वारकाबाई संध्याकाळी पायरीवर बसायच्या आणि पाय पायरीखालच्या फरशीवर टेकायच्या.

"अहो, त्या कोपऱ्यातली हातभर तरी वाढू द्या," त्या एकदा म्हणाल्या. "एकवीस दूर्वा तर लागतात."

"अगं, कोपराच तर आधी दिसतो!" त्र्यंबकराव म्हणाले.

झालं. दोन बोटांवर कापलेल्या गवताला दूर्वा कुठून येणार? मग दर संकष्टीला द्वारकाबाई परडी घेऊन कालव्यावर जायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पासष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी काठ चढायच्या, वाकून दूर्वा खुडायच्या आणि धापा टाकत परत यायच्या. तक्रार म्हणून कधी केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटून काय उपयोग?

भाद्रपद आला. आठ दिवस पावसाने उघडीप दिली नाही, त्यामुळे कातर खुंटीलाच राहिली. गणेश चतुर्थीच्या सकाळी ऊन पडलं, आणि द्वारकाबाई पायरीवर येऊन बघतात तर काय, अंगणभर दूर्वा! तीन तीन पानांच्या, कोवळ्या, टवटवीत. लहान पोरीसारखा त्यांना आनंद झाला. परडी घेऊन त्या कडेपाशी आल्या, तर पलीकडून त्र्यंबकराव कातर घेऊन येत होते.

"अहो, थांबा! आज बाप्पानं अंगणातच दिल्यात बघा. आधी मला खुडू द्या."

"आणि मध्ये टक्कल पडलं म्हणजे? आज सगळा गाव आपल्याकडे दर्शनाला येणार." त्र्यंबकरावांनी दोरी सोडवायला घेतली. "असं कर, मी कापतो, त्यातलंच वेचून घे."

"कातरीनं तोडलेलं देवाला नाही वाहत हो. हातानं खुडावं लागतं."

"मग कालव्यावर जाऊन ये. दर महिन्याला जातेसच की."

"वाट निसरडी झालीय."

"सांभाळून जा."

द्वारकाबाईंची नजर कडेच्या दूर्वांवर गेली. हात लांब केला असता तर पहिली दूर्वा हाताला लागली असती. त्र्यंबकरावांनी ते पाहिलं. मनात आलंसुद्धा, की जाऊ दे, घेऊ दे तिला. पण फाटकातून पाहुणे येताहेत आणि हिरवळ कुरतडल्यासारखी दिसतेय, हे चित्र डोळ्यांपुढं आलं आणि त्यांनी मान फिरवली. द्वारकाबाई परडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या. मागे कातरीचा आवाज सुरू झाला.

शेवटची कड कापून त्र्यंबकराव कंबर सरळ करत होते, तेव्हा चार माणसं द्वारकाबाईंना बाजेवर घालून घेऊन आली. काठावरून पाय सटकला होता आणि त्या दगडांवरून खाली गेल्या होत्या. गेनू माळ्यानेच त्यांना पाण्यातून ओढून काढलं होतं. मुठीत दूर्वा तशाच होत्या. त्या दिवशी गणपतीला त्याच वाहिल्या. दर्शनाला गाव आला, पण हिरवळीकडे कुणी पाहिलं नाही.

कमरेचं हाड मोडलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता या उभ्या राहायच्या नाहीत." त्र्यंबकरावांनी घरी येऊन खुंट्या उपटल्या, दोरी चुलीत घातली आणि कातर विहिरीत टाकली. बैल गेला आणि झोपा केला! ते बायकोची वेणी घालायला शिकले, तिला भरवायला शिकले. रोज अंगणात जाऊन गवत किती वाढलं ते बघायचे आणि खिडकीशी येऊन तिला सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

माघातल्या गणेश जयंतीला अंगण पुन्हा दूर्वांनी भरलं. त्र्यंबकरावांनी गेनूच्या मदतीने बायकोची बाज उचलून बाहेर आणली आणि हिरवळीच्या कडेला ठेवली.

"द्वारका, बघ, सगळ्या तुझ्या आहेत," ते म्हणाले. "हात लांब कर आणि खूड. थांब, आधी पाय खाली सोडतो तुझे. गार वाटेल."

त्यांनी तिचे वाळलेले पाय उचलले. द्वारकाबाईंनी घाईघाईने त्यांचा हात धरला.

"नको हो," त्या म्हणाल्या. "पाय उमटतील."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर त्र्यंबकरावांनी ते सोसलं असतं. त्या खरंच जपत होत्या. इतक्या वर्षांत ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्र्यंबकरावांनी परोपरीने विनवलं, पण पाय काही त्यांनी खाली टेकू दिले नाहीत. दूर्वाही खुडल्या नाहीत. ऊन वाढलं तशी बाज आत न्यावी लागली.

फाल्गुनात द्वारकाबाई गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात हरळी माजली. दोरीची जागा तिने केव्हाच ओलांडली, वाट झाकली आणि पायरीपर्यंत आली. कुणी थांबून "वा" म्हणेना. दर संकष्टीला त्र्यंबकराव एकवीस दूर्वा खुडून देवापुढे ठेवायचे आणि हात जोडायचे, पण मागायचं काय ते त्यांना सुचायचं नाही.

संध्याकाळी ते हिरवळीत वाकून फिरायचे आणि गवत हाताने बाजूला सारून बघायचे. गेनूने एकदा विचारलं, "रावसाहेब, काय हरवलंय?"

"तिचा एखादा पाय उमटलेला दिसतो का बघतोय," ते म्हणाले.

पण कसा दिसणार? त्यांनीच तर तो कधी उमटू दिला नव्हता.

तात्पर्य: नीटनेटकेपणा माणसासाठी असतो. त्याच्यापायी आपल्याच माणसाला दूर ठेवलं, तर पुढे सगळं मोकळं करून दिलं तरी ते घ्यायला तो उरत नाही.