उभे कान

"पण भूल देऊन कापतात, माई. मग त्यात वाईट काय?"

ऋजुताच्या मांडीवर आठ महिन्यांची ओवी होती आणि पायाशी डॉबरमनचं पिल्लू. उद्या सकाळी त्याचे कान कापून उभे करायचे होते. नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली होती. नदीकाठच्या मठातल्या म्हाताऱ्या माईंनी एकदा हो म्हटलं की झालं, म्हणून ती आली होती. हो म्हणायला तिला स्वतःचं तोंड पुरत नव्हतं.

"वाईट मी म्हटलंच नाही," माई म्हणाल्या. "उभे कशाला?"

"दिवसभर घरात आम्ही दोघीच असतो. कुत्रं बघून माणूस दचकायला हवा."

"कुठला माणूस?"

"कुठलाही. कोण येईल, सांगता येतं का?"

"तेही खरं..."

माईंनी पिल्लावर नजर रोखली. त्याचे मऊ कान मागे पडले.

"हे काय म्हणतंय?"

"घाबरलंय तुम्हाला."

"कशावरून?"

"कानांवरून की. कुत्र्यांवरची दोन पुस्तकं वाचलीत मी." मग जरा हळू, "बाळांवरची पाच."

"आणि खूश झालं की?"

"शेपटी..." ऋजुता थांबली. शेपटी पिल्लू विकणाऱ्यानेच कापून दिली होती. "बूड हलवतं ना. कळतं हो, माई. घरचंच आहे."

"बरं. पोरीला इकडे दे."

माईंनी ओवीला समोर बसवलं आणि बोळकं पसरून हसल्या. ओवी खिदळली.

मग माईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हसूच नाही, सगळंच गेलं. राग नाही, माया नाही. डोळे उघडे होते. ओठांवर माशी बसली, तिथून गालावर चढली. काही हललं नाही.

ओवी पुन्हा हसली. वाट पाहिली. हातातला खुळखुळा पुढे केला. मग एक बोट माईंच्या ओठांवर ठेवलं, दाबून पाहिलं...

ती रडली नाही. गप्प झाली आणि जमिनीकडे बघत राहिली. अशी गप्प ती घरी कधी बसली नव्हती. पाचांतल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं.

पिल्लू सरकत सरकत उंबऱ्यापाशी गेलं. कान डोक्याला चिकटलेले.

"माई, पुरे ना."

...

"रागावलात का माझ्यावर?"

...

ऋजुताने ओवीला ओढून छातीशी घेतलं.

"माई, एकदा हसा तिच्याकडे बघून. एकदाच."

चेहरा तसाच राहिला. ओठ हलले, तेवढेच.

"केव्हाची हसतेय, बाळ."