शिंपिणीचा दोरा

तिसऱ्या मजल्यावर एक गॅलरी. गॅलरीत एक कुंडी. कुंडीत एक जास्वंद. आणि जास्वंदीवर राहायला आली कोण? शिंपीण.

शिंपीण म्हणजे एक पक्षीण हो. मुठीत मावेल एवढी. शेपटी सदा वर. चोच हीच तिची सुई. दोन पानं जवळ घ्यायची, दोऱ्याने टाके घालायचे, की झालं घरटं. मूर्ती लहान, पण काय हुशार बाई.

एके सकाळी तिला छान पांढरा दोरा मिळाला. एक टाका घातला. दुसरा टाका घातला. तेवढ्यात खाली बसचा भोंगा वाजला, पोंऽऽ. घरातून बाबा आला. त्याने काचेचं दार लावलं, सर्रर्र धप. बाबाला दोरा दिसलाच नाही. दोरा दारात अडकला.

शिंपिणीने ओढला. सुटेना. पुन्हा ओढला. सुटेना. शिवलेली पानं उसवायला लागली. आणि अंडी तर उद्या घालायची होती. शिंपीण घाबरली. पण रडत बसली नाही.

"दारा दारा, सरक ना. दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

दार म्हणालं, "मी नाही सरकत. ताईने ढकललं तर सरकेन."

भुर्र भुर्र, टुविट टुविट. शिंपीण गेली ताईच्या खिडकीत. तिथे होती शाल्मलीताई, शाळेच्या गणवेशात. एक वेणी घातलेली, एक राहिलेली. सगळे केस डोळ्यांवर.

"ताई ताई, दार ढकल ना. दार सरकेना, दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

ताई म्हणाली, "मी नाही ढकलत. मला काही दिसतच नाही. आईने वेणी घातली तर ढकलेन."

भुर्र भुर्र, टुविट टुविट. शिंपीण गेली स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे आई कणीक मळत होती, थप थप. गॅसवर भाजी. कानाशी फोन, खांद्याने धरलेला. आईला म्हणे दोनच हात आहेत. बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

"आई आई, वेणी घाल ना. ताई ढकलेना, दार सरकेना, दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

आई म्हणाली, "मी नाही वेणी घालत. माझे हात कणकेत. बाबाने नळ सोडला तर हात धुवेन, मग घालेन."

भुर्र भुर्र, टुविट टुविट. शिंपीण गेली जेवायच्या टेबलाजवळच्या खिडकीत. तिथे बाबा ताईच्या धाकट्या भावाला भरवत होता. त्याचं नाव ओजू. बाबाच्या एका हातात वाटी, एका हातात चमचा. ऑफिसच्या शर्टावर वरण. तरी बाबा हसतोय. असा बाबा मिळायला नशीब लागतं.

"बाबा बाबा, नळ सोड ना. आई वेणी घालेना, ताई ढकलेना, दार सरकेना, दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

बाबा म्हणाला, "मी नाही नळ सोडत. मी वाटी ठेवली की ओजू पळतो. ओजूने घास घेतला तर सोडेन."

ओजू बसला होता उंच खुर्चीत. डोळे घट्ट. तोंड घट्ट. काऊचा घास त्याने खाल्ला होता. माऊचा घास खाल्ला होता. मग आला चिऊचा घास. चिऊ कुठंय, असं ओजूने विचारलं. बाबाने फोनवर चिऊ दाखवली. ओजूने बोट लावून पाहिलं. नुसती गुळगुळीत काच. ओजू रागावला. तेव्हापासून डोळे घट्ट, तोंड घट्ट.

"ओजू ओजू, घास घे ना. बाबा नळ सोडेना, आई वेणी घालेना, ताई ढकलेना, दार सरकेना, दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

ओजू म्हणाला, "मी नाही घास घेत. खरी चिऊ आली तर घेईन." तोंड मिटून कसा बोलला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

भुर्र भुर्र, टुविट टुविट. शिंपीण गेली चिऊ शोधायला. टाकीवर पाहिलं. चिऊ नाही. तारेवर पाहिलं. चिऊ नाही. एसीच्या खोक्यावर एक कबुतर बसलं होतं. ते म्हणालं, गुटर्र गूं, इथे सगळे आम्हीच.

शिंपिणीचे पंख दुखले. ती परत आली. ओजूच्या खिडकीच्या गजावर बसली. शेपटी वर केली. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"टुविट टुविट. ओजू घास घेईना, बाबा नळ सोडेना, आई वेणी घालेना, ताई ढकलेना, दार सरकेना, दोरा सुटेना, घरटं होईना, अंडी ठेवू कुठे?"

ओजूने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. गजावर काय? इवलीशी चोच. इवलीशी शेपटी.

"चिऊ," ओजू म्हणाला.

मी चिऊ नाही, मी शिंपीण, असं ती सांगणार होती. पण शहाणी बाई ती. गप्प बसली. काखेत कळसा नि गावाला वळसा, एवढंच मनात म्हणाली.

आणि चिऊ म्हणताना ओजूचं तोंड उघडलं ना? बाबा तयारच होता.

ओजूने घास घेतला, गुडुप. बाबाने नळ सोडला, धो धो. आईने हात धुतले, वेणी घातली, झटपट. ताईने दार ढकललं. दार सरकलं, सर्रर्र. दोरा सुटला, सुळकन.

शिंपिणीने दोरा चोचीत धरला. टाका, टाका, टाका. घरटं झालं. सगळं घर काचेमागून बघत राहिलं. आई म्हणाली, "मला नाही हो जमणार असे टाके."

दुसऱ्या दिवशी शिंपिणीने अंडी घातली. मग अंड्यांतून पिल्लं आली, तीन. शिंपीण चोचीत अळी घेऊन आली. पहिल्या पिल्लाने चोच उघडली, आ. दुसऱ्या पिल्लाने चोच उघडली, आ. आणि तिसऱ्याने? डोळे घट्ट. चोच घट्ट.

शिंपीण जरा थांबली. तिने काचेतून घरात पाहिलं. मग पिल्लाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाली, "हा घास ओजूचा."

पिल्लाने चोच उघडली. आऽ.