पेवातला दिवा

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे दूर असत आणि गावचे जाणते जवळ.

अशाच एका गावात नियम होता : अपराध लहान असो की मोठा, अपराध्याने दिवस मावळेपर्यंत रिकाम्या पेवात बसायचं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, वर दगडी झाकण. माणसाला दोराने खाली सोडायचं काम एकाच घराकडे होतं. बाप थकला तेव्हा दोर मुलीच्या हाती आला. बाप म्हणाला, "कोण, कशासाठी, हे विचारायचं नाही पोरी. आपण फक्त दोर धरायचा."

मुलीला मात्र एक गोष्ट सलायची. धान्य काढायला माणूस उतरण्याआधी पेटता दिवा खाली सोडत. दिवा विझला, की खालची हवा वाईट. मग कोणी उतरत नसे. अपराध्यासाठी दिवा सोडत नसत. "त्यांच्यासाठी तेल जाळायचं का?" जाणते हसून म्हणत.

एका सकाळी म्हाताऱ्या कुंभाराला आणलं. त्याच्या गाढवाने देवळापुढची झेंडूची रोपं खाल्ली होती.

"मडकी भाजायचा आवा पेटलाय माझा," कुंभार हात जोडून म्हणाला. "उद्या येतो. गाढवालाही आणतो, दोघं बसतो हवं तर."

मुलीला राहवलं नाही. ती जाणत्यांना म्हणाली, "खापराच्या तुकड्यावर त्याचा अपराध लिहा आणि चावडीवर यायचा दिवस लिहा. तो घेऊन घरी जाऊ दे. त्या दिवशी येईल, रोपं लावून देईल."

"आणि पळाला म्हणजे?"

"पेटता आवा टाकून कुठे पळेल?"

"तुझ्या बापाने चाळीस वर्षं दोर धरला," सर्वांत वडील जाणता म्हणाला. "एकदाही तोंड उघडलं नाही. तू चार अक्षरं शिकलीस, आता आम्हाला शिकव."

मान खाली घालून ती दोर सोडू लागली. "सावकाश गं पोरी," खालून कुंभार म्हणाला. "गुडघे दुखतात."

दिवस मावळल्यावर तिने हाक मारली. ओ आली नाही. मग जाणत्यांनी दिवा सोडायला सांगितलं. तो निम्म्यावरच विझला.

दुसऱ्या दिवशी कुंभाराचं प्रेत वर काढलं. राखायला कोणी नव्हतं, म्हणून आव्यातली सगळी मडकी तडकली होती. नियमाला मात्र तडा गेला नाही.

तेरावा झाला, आणि जाणत्यांनी एका विधवेला आणलं. तिची घागर गळकी होती आणि नवी घडवणारा उरला नव्हता. म्हणून आपली पाळी नसताना तिने विहिरीवर दुसऱ्यांदा पाणी काढलं होतं.

मुलीने दिवा लावला आणि दोराला बांधला.

"हिच्यासाठी दिवा कशाला?"

ती दोर सोडत राहिली. दिवा खाली गेला आणि विझला. तिने तो वर ओढून जाणत्यांच्या पायाशी ठेवला, शेजारी दोर ठेवला.

"मी हिला खाली सोडणार नाही. तुमच्यापैकी ज्याला सोडायचं असेल, त्याने दोर धरावा."

एकानेही दोर उचलला नाही. "बाई, घरी जा," असंही कोणी म्हणालं नाही. गळकी घागर कमरेवर घेऊन विधवा उन्हात उभी राहिली, पेवाचं तोंड उघडं राहिलं, आणि जाणते विझलेल्या दिव्याकडे पाहत बसले.

यातून घ्यायचं ते एवढंच : लहान चुकीसाठी जे गाव माणसाला डांबतं, तिथे चूक तशीच राहते आणि माणूस जातो.