न उडालेलं रॉकेट

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एक मेस्त्री राहत होता. भिवा मेस्त्री त्याचं नाव. होड्या बांधणं हा त्याचा धंदा, आणि आपल्याच होड्यांचं कौतुक सांगणं हा दुसरा. हातात कसब होतं, यात शंका नाही. पण कसबापेक्षाही त्याला गर्व होता तो एका गोष्टीचा. त्याच्या होडीचा मुहूर्त आजवर कधी टळला नव्हता.

मुहूर्ताचं एवढं काय, असं कुणी विचारील. तर त्या गावात नवी होडी मनात येईल त्या दिवशी पाण्यात लोटता येत नसे. मेस्त्रीचा होड्या बांधायचा मांडव किनाऱ्याच्या बराच वर होता. तिथवर पाणी पोचायचं ते फक्त पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या उधाणाला. त्या दिवशी सगळा गाव जमे. मेस्त्री होडीच्या पुढच्या टोकावर तळवा ठेवून 'ओढा' म्हणे, मगच लोक दोरखंड ताणत. आणखीही एक रिवाज होता. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. एकदा पाटावर बसली की होडी पाण्यात जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे मेस्त्रीच्या घराला तेवढा एक दिवस सुट्टीचा मिळे.

त्या वर्षी भिवानं हरी तांडेलाची होडी बांधली. हरी आपल्या दोन मुलांना घेऊन खोल समुद्रात मासळीला जायचा. कार्तिकी पौर्णिमेचा मुहूर्त ठरला. शेवटी शेवटी कामाची घाई झाली आणि तळाची एक फळी ठोकताना खिळ्यापाशी बारीक चीर गेली. केसाएवढी. ती फळी बदलायची म्हणजे वरच्या फळ्या सोडवायच्या, आणि मग पौर्णिमा हुकलीच. भिवानं इकडेतिकडे पाहिलं. मांडवात कुणी नव्हतं. त्यानं चिरेत कापूस ठासला, वरून राळेचं लुकण भरलं आणि त्यावर हिरवा रंग ओढला. लाकूड पाण्यात फुगतं, चीर आपोआप मिटते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. स्वतःला समजावणं तसं सोपं असतं, ऐकणारा आपल्याच बाजूचा असतो.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून झाली. भिवाची मुलगी कुंदा कधीपासून एकच हट्ट धरून बसली होती. खाडीपलीकडे, डोंगराच्या आड मोठं अवकाश केंद्र झालं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी तिथून रॉकेट उडणार होतं. बघायला येणाऱ्यांसाठी तिथं संग्रहालय होतं, बसायला पायऱ्या होत्या. भिवाची बायको शेवंती हिनं भाकऱ्या बांधून घेतल्या आणि तिघं पहाटेच्या एसटीनं निघाली.

संग्रहालयात पाऊल टाकलं आणि शेवंती गप्प झाली. ही बाई देवळातही गप्प बसत नसे. वर काळंभोर छत होतं आणि त्यात ग्रहांचे गोळे सावकाश फिरत होते. पृथ्वी दाखवली होती ती लिंबाएवढी. आपलं गाव, खाडी, समुद्र, झाडून सगळी माणसं त्या लिंबावर, हे काही तिला झेपेना. "हंय मोठ्यान बोलूचा पण धाडस होना नाय," ती हळूच म्हणाली.

मधल्या दालनात अवकाशात जाऊन परत आलेली एक कुपी ठेवली होती. माणसं बसून गेली होती तिच्यातून. तळ जळून तव्यासारखा काळा झालेला. भिवा तिच्याभोवती फिरला, वाकला, खाली बसला, पुन्हा उठला. समुद्रात पडून ही तरंगत राहिली होती, असं माहिती सांगणाऱ्या ताईंनी सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. म्हणजे ही पण होडीच की.

"ह्येका सांदोच गावना नाय," तो बोटानं जोड शोधत पुटपुटला. मग ताईंना म्हणाला, "आत पाणी कसा शिराक नाय?"

"पाणी आत शिरायची भीती नंतरची, काका," ताई म्हणाल्या. "वर असताना आतली हवा बाहेर जायची भीती पहिली. माणसाला सगळी हवा ह्या भांड्यातच मिळायची. बाहेर काहीच नाही."

बाहेर काहीच नाही. पाणी नाही, वारा नाही, हाक ऐकणारं कुणी नाही. भिवानं ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि त्याच्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या पोकळीत माणसं गेली आणि ह्या बांधणीवर विसंबून घरी परत आली. ज्यानं ही बांधली तो आपल्याच जातीचा कारागीर, असं त्याला वाटलं आणि छाती फुगली. नंतर तळाची ती फळी आठवली आणि फुगलेली छाती जरा खाली बसली.

दुपारच्या आधी सगळे पायऱ्यांवर जाऊन बसले. समोर पाण्यापलीकडे, दूर, रॉकेट उभं होतं. पांढरंशुभ्र. त्याच्या अंगातून वाफ निघत होती आणि ते जिवंत असल्यासारखं वाटत होतं. एवढी गर्दी, पण पोरंसुद्धा रडायची थांबली. बाजूला एक मोठा पडदा होता. त्यावर आतलं दालन दिसत होतं. रांगेनं बसलेली माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पडदा, आणि मागच्या काचेआड बसलेले मोठमोठे पाहुणे. कर्ण्यावरून उलटे आकडे मोजायला सुरुवात झाली. कुंदानं बापाचा हात घट्ट धरला. आकडे एकेरी झाले.

आणि मोजणी थांबली.

रॉकेट होतं तिथंच उभं राहिलं. थोड्या वेळानं कर्ण्यावर आवाज आला, की एका झडपेचा दाब हवा तसा दिसत नाही, म्हणून आजचं उड्डाण होणार नाही. गर्दीतून नाराजीचा सूर उठला. एक गृहस्थ डबा आवरत म्हणाले, की एवढ्या लांबून आलो ते फुकट. भिवाला मात्र हसू फुटलं.

"एवढी तयारी करून आयत्या टायमाक थांबले," तो शेवंतीला म्हणाला. "आमच्या गावात असा झाला तर तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

त्या ताई मागच्याच पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, आमच्याकडे रॉकेट सोडायला सगळ्यांचा होकार लागतो. थांबवायला एकाचा नकार पुरतो. ती बघा, तिनं थांबवलं."

पडद्यावर एक सडपातळ तरुण मुलगी दिसत होती. केसांची साधी वेणी, समोर पाण्याचा पेला. सगळं दालन तिच्याकडे बघत होतं. भिवाला वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. एक पिकल्या केसांचा माणूस उठून तिच्याजवळ गेला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पेला तिच्यापुढे सरकवला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. दोघं मिळून आकडे बघू लागले.

"जो थांबवता, तेका कोण बोलणा नाय?" भिवानं विचारलं.

"बोलतात ना. धन्यवाद म्हणतात."

"पण समजा, तसाच सोडला असता तर?"

"तर कदाचित काहीच झालं नसतं," ताई म्हणाल्या. "पण त्या 'कदाचित'वर आम्ही रॉकेट सोडत नाही."

भिवानं पुन्हा त्या रॉकेटकडे पाहिलं. मघाशी ते त्याला नुसतं उंच वाटलं होतं. आता त्याच्याकडे बघताना त्याला भीतीयुक्त आदर वाटू लागला. एवढं अवाढव्य धूड, आत आग भरलेली, जगाचे डोळे लागलेले, आणि एका मुलीनं नको म्हटल्यावर ते गुमान उभं राहिलं होतं. एवढी मोठी गोष्ट त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

कुंदा विचार करत होती. ती म्हणाली, "बाबा, आपल्या होडीक 'थांबा' कोण म्हणता?"

परतीच्या एसटीत शेवंतीनं भाकरी पुढे केली, ती भिवानं तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. ओढा म्हणणारा तोच होता. थांबा म्हणणाराही तोच. दुसऱ्या कुणाला त्या चिरेचा पत्ताच नव्हता.

गावात उतरले तेव्हा ऊन कललं होतं. मांडवाला आंब्याचे डहाळे लागले होते. होडीच्या टोकाला झेंडूचा हार, खाली नारळांची रास. हरी तांडेलाची मुलं दोरखंड उलगडून ठेवत होती आणि निम्मा गाव कौतुक करायला जमला होता. भिवाला बघून सगळे हसले, कुणी जागा करून दिली. त्या क्षणी त्याला वाटलं, गप्प बसावं. उद्याच्या दिवसाचा मान घ्यावा. लाकूड फुगतंच की पाण्यात. मग त्याला ती वेणीवाली मुलगी आठवली, आणि सगळं दालन तिच्याकडे बघत असताना तिनं मान खाली घातली नव्हती तेही आठवलं.

"हरी," तो म्हणाला, "उद्या होडी ओढूची नाय."

"कित्याक?"

"तळाची फळी चिरलली आसा. माका म्हायत होता. मी लुकण भरून रंग ओढलंय."

कुणीतरी मागून म्हणालं, मेस्त्र्याची पण होडी अडली एकदाची. दोघंतिघं हसले. एक म्हातारा मात्र मदतीला धावला. "केसाएवढ्या चिरेक कोण मुहूर्त मोडता? पाण्यात फुगान बंद होतली."

भिवाचेच शब्द होते ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला त्यांची लाज वाटली.

"होयत बंद," तो हरीच्या मुलांकडे बोट करून म्हणाला. "नाय झाली तर बुडतले ते हरीचे झील. मी काठार उभो आसतलंय."

हरी तांडेलाचे मासळीचे ऐन दिवस जाणार होते. त्यानं आपल्या दोन्ही मुलांकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यानं होडीचा हार स्वतःच्या हातानं काढला.

"हार सुकलो तर सुकांदे," तो म्हणाला. "हत्यारां काढ, मेस्त्री."

गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच पाटावर बसलेली हत्यारं उठली. भिवानं त्यांना हात जोडले, पटाशी उचलली आणि स्वतःच लावलेला हिरवा रंग खरवडायला घेतला. ती चीर पाण्यात मिटली असती की उघडली असती, ते कुणालाच कधी कळलं नाही. कळायची गरजही उरली नाही.

पौर्णिमा गेली. उधाणाचं पाणी मांडवाला शिवून रिकामंच परतलं. काही दिवसांनी, एका सकाळी, भिवा होडीखाली उताणा पडून नवी फळी बसवत होता. हात राळेनं बरबटलेले. तेवढ्यात कुंदाची हाक आली आणि तो सरपटत बाहेर आला.

डोंगराच्या माथ्यावर एक ज्वाला उभी होती. आवाज नाही, काही नाही. नुसता एक उजेड, सूर्याहून पिवळा, सावकाश वर चढत होता. नळावरच्या बायका कळश्या तशाच सोडून उभ्या राहिल्या. खाडीतल्या एका होडीवरचे खलाशी वल्हं थांबवून बघू लागले. मग खाडीवरून आवाज आला. कानाआधी तो छातीला कळला. भिवानं आधारासाठी होडीला हात लावला, तर नव्या फळ्या त्याच्या तळव्याखाली थरथरत होत्या. ज्वाला ढगांत शिरली, ढग आतून उजळले, आणि मग तिचा एक ठिपका होऊन तो निळ्यात विरून गेला. तरी कुणी जागचं हललं नाही.

"बाबा," कुंदा हळूच म्हणाली, "आज तिना होय म्हटल्यान."

भिवाचे डोळे भरून आले. बरबटलेल्या हातांनी ते पुसता येईनात, तसेच वाहू दिले.

अमावास्येला पाणी पुन्हा चढलं. सगळा गाव दोरखंड धरून उभा राहिला. भिवानं होडीच्या टोकावर तळवा ठेवला, पण 'ओढा' म्हटलं नाही. त्यानं आधी हरीला विचारलं, मग त्याच्या मुलांना, मग दोर धरलेल्या एकेकाला, की कुणाला काही खटकतंय का. लोकांना गंमत वाटली, पण प्रत्येकानं होडीकडे एकदा नीट पाहिलं. शेवटी कुंदाची पाळी आली. ती वाकून तळापर्यंत बघून आली, नवी फळी बोटानं चाचपली आणि म्हणाली, "माझा होय आसा, बाबा."

मगच दोर ताणला गेला. तेव्हापासून त्या गावात कुणाचीही होडी अशीच पाण्यात जाते. ओढायला सगळ्यांचा होकार लागतो, थांबवायला एका पोराचा नकारही पुरतो.

तात्पर्य: ज्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबून आहे, ते 'कदाचित'वर सोडू नये. सगळे 'चला' म्हणत असताना जो आपली चूक सांगून 'थांबा' म्हणतो, तोच खरा कारागीर.